विद्युत्प्रवाहाचा हिशेबनीस : गुस्टाफ रॉबर्ट किरखोफ

शाळेच्या वरच्या इयत्तांत पदार्थविज्ञान शिकवितांना एक प्रसंग दरवर्षीं आमच्या दृष्टीस पडतो. फळ्यावर आम्ही विजेच्या तारांची एक आकृति काढतों. तींत दोन घट असतात, तीन रोध असतात, आणि तारा दोन ठिकाणीं एकमेकींस मिळाल्यामुळें प्रवाहाला फिरण्यास एकाहून अधिक फेरे असतात. प्रत्येक तारेंतून किती प्रवाह वाहतो तें काढा, असें आम्ही सांगतों. वर्गांत स्तब्धता पसरते. कांहीं वेळानें एखादा विद्यार्थी उठून विचारतो कीं, मधल्या तारेंतील प्रवाह वर जातो कीं खालीं येतो हेंच ठाऊक नाहीं, तर आरंभ तरी कोठून करावा? दुसरा एखादा धीटपणानें आरंभ करतो. परंतु शेवटीं उत्तरांत उणें चिन्ह आलेलें पाहून ओशाळतो आणि सगळें गणित खोडून टाकतो. एका वर्षीं तर एका हुशार मुलानें वहीचें पानच फाडून टोपलींत टाकलें. वर्ग सुटल्यावर तें पान आम्हीं उचलून पाहिलें. त्यांतील उत्तर अगदीं बरोबर होतें.

त्या फाटलेल्या पानाची आठवण झाली म्हणजे, हीं गणितें सोडविण्याची रीति ज्यांनीं जगाला दिली, त्या थोर पुरुषाचें चरित्र आमच्या मनांत उभें राहतें. त्यांचें नांव गुस्टाफ रॉबर्ट किरखोफ. आमचीं मुलें हें नांव बहुधा किरचॉफ असें उच्चारतात. जर्मन लोकांच्या तोंडीं तें किरखोफ असें आहे. विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या माहितीसाठीं त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

किरखोफ यांचा जन्म १२ मार्च १८२४ रोजीं पूर्व प्रशियांतील क्योनिग्सबर्ग या शहरीं झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हें शहर रशियाकडे गेलें, आणि आज त्यास कालिनिनग्राड म्हणतात. त्यांचे वडील कायदेपंडित होते. घरांत शिस्त होती व विद्येची आवड होती. क्योनिग्सबर्ग हें शहर गणिताच्या इतिहासांत आधींपासूनच प्रसिद्ध आहे. तेथील नदीवर त्या काळीं सात पूल होते. एकाही पुलावरून दोनदां न जातां सातही पूल ओलांडतां येतील काय, हा प्रश्न नागरिकांत चर्चिला जात असे. १७३६ सालीं ऑयलर या गणित्यानें तसें करणें अशक्य आहे हें सिद्ध करून दाखविलें. वाटा, त्यांचे सांधे आणि त्यांचे फेरे यांचा विचार करणारें शास्त्र त्या दिवशीं जन्मास आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें त्याच शहरांतील एका मुलानें तारांच्या जाळ्यांचें कोडें सोडवावें, हा योग मोठा विलक्षण होय.

शालेय शिक्षण संपवून किरखोफ आपल्याच गांवच्या विद्यापीठांत दाखल झाले. तेथें फ्रान्झ नॉयमान हे अध्यापक होते. याकोबी या नामांकित गणित्याच्या सहकार्यानें त्यांनीं एक अभ्यासवर्ग चालविला होता. या वर्गाचें वैशिष्ट्य असें कीं, विद्यार्थ्यांनीं केवळ व्याख्यानें उतरून न घेतां, ज्याचें उत्तर कोणत्याही पुस्तकांत नाहीं असा प्रश्न घेऊन तो स्वतः सोडवावा, अशी तेथें अपेक्षा असे. नॉयमान यांच्या देखरेखीखालीं किरखोफ यांनीं जो प्रश्न हातीं घेतला तो असा : धातूच्या वाटोळ्या पत्र्याच्या कडेला एका ठिकाणीं वीज आंत सोडली आणि दुसऱ्या ठिकाणीं बाहेर काढली, तर पत्र्याच्या अंगांतून ती कशी पसरत जाईल? यावरील त्यांचा निबंध १८४५ सालीं प्रसिद्ध झाला. त्या वेळीं त्यांचें वय एकवीस वर्षांचें होतें, आणि ते अद्याप विद्यार्थीच होते. त्या निबंधाच्या शेवटच्या भागांत, जणूं जातां जातां सांगितल्याप्रमाणें, दोन नियम दिले होते. पत्र्याचा प्रश्न आज फारसा कोणास आठवत नाहीं. पण ते दोन नियम जगांतील प्रत्येक देशाच्या शाळांत शिकविले जातात.

हे नियम कळण्यासाठीं त्यापूर्वींची स्थिति थोडी पाहिली पाहिजे. १८०० सालीं व्होल्टा यांनीं विद्युद्घटांची माळ रचून अखंड वाहणारा प्रवाह प्रथम मिळविला. पुढें जॉर्ज ओहम या जर्मन शाळामास्तरांनीं १८२७ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलें कीं, तारेंतील प्रवाह दाबाच्या प्रमाणांत वाढतो व रोधाच्या प्रमाणांत घटतो. सहा व्होल्टांचा दाब आणि तीन ओहमांचा रोध असेल, तर प्रवाह दोन अँपिअर. एकच घट आणि एकच फेरा असेल तेथें एवढें पुरतें. परंतु तारांना फांटे फुटले आणि निरनिराळ्या फांट्यांवर निरनिराळे घट बसविले, म्हणजे कोणत्या रोधाच्या वांट्यास किती दाब येतो हेंच समजेनासें होतें. मग ओहम यांचा नियम हातीं असूनही तो लावावा कोठें, हा प्रश्न पडतो.

किरखोफ यांनीं या गुंत्याचा जमाखर्च मांडला. त्यांचा पहिला नियम सांध्यांचा. ज्या ठिकाणीं अनेक तारा मिळतात, तेथें जितका प्रवाह येतो तितकाच निघून जातो. शेतांतील पाटाला फांटे फुटतात तेथें पाणी ना सांचत ना नाहींसें होत. मुख्य पाटांतून आलेलें सर्व पाणी फांट्यांत वांटलें जातें. विजेचेंही तसेंच. दुसरा नियम फेऱ्यांचा. कोणत्याही सांध्यापासून निघून तारातारांनीं फिरत पुन्हां त्याच सांध्यावर आलें, तर वाटेंत घटांनीं जितका दाब चढविला असेल, तितकाच तो रोधांत उतरलेला असतो. सिंहगडाच्या पायथ्याशीं निघून, कोणत्याही वाटेनें गड हिंडून, पुन्हां त्याच जागीं आलेल्या माणसाची सारी चढण आणि सारी उतरण सारखीच भरते. यापेक्षां अधिक गूढ असें या नियमांत कांहीं नाहीं.

आतां आमच्या फळ्यावरील आकृति घेऊं. वर एक सांधा, खालीं एक सांधा, आणि दोहोंमध्यें तीन उभ्या तारा आहेत. पहिल्या तारेंत १२ व्होल्टांचा घट व २ ओहमांचा रोध आहे. दुसरींत ४ व्होल्टांचा घट व २ ओहमांचा रोध आहे. तिसरींत घट नाहीं, केवळ ३ ओहमांचा रोध आहे. दोन्ही घट प्रवाहाला वर ढकलण्याच्या बेतानें बसविले आहेत. म्हणून आपण असें धरूं कीं, पहिल्या तारेंतून अ इतका प्रवाह वर जातो, दुसरींतून ब इतका वर जातो, आणि तिसरींतून क इतका खालीं येतो. हें केवळ धरून चालणें आहे. तें खरें आहे असा आपला दावा नाहीं. वरच्या सांध्याचा जमाखर्च असा :

अ + ब = क

पहिल्या व तिसऱ्या तारेच्या फेऱ्याचा हिशेब :

२ अ + ३ क = १२

दुसऱ्या व तिसऱ्या तारेच्या फेऱ्याचा हिशेब :

२ ब + ३ क = ४

क च्या जागीं अ + ब लिहिलें म्हणजे खालचीं दोन समीकरणें उरतात :

५ अ + ३ ब = १२
३ अ + ५ ब = ४

पहिल्यास ५ नें व दुसऱ्यास ३ नें गुणून वजाबाकी केली, तर १६ अ = ४८, म्हणजे अ = ३. मग ब = उणें १, आणि क = २. येथेंच आमचे विद्यार्थी घाबरतात. परंतु हें उणें चिन्ह काय सांगतें तें पाहा. तें एवढेंच सांगतें कीं, दुसऱ्या तारेंतील प्रवाह वर जातो असें आपण धरलें होतें, तो वास्तविक खालीं येतो. आकडा मात्र एक अँपिअर हाच. मोठा घट लहान घटाला नमवून त्याच्यांतून उलट प्रवाह ढकलीत आहे. मोटारगाडीचें इंजिन चालू असतांना तिची बॅटरी भरली जाते, तेव्हां बॅटरींत हेंच घडत असतें. ताळा पाहावयाचा तर बाहेरचा मोठा फेरा घ्या. १२ मधून ४ वजा केले तर ८ उरतात. पहिल्या रोधांत ६ व दुसऱ्यांत २ मिळून ८ व्होल्ट उतरतात. हिशेब चोख जुळला.

आरंभीं केलेला तर्क चुकला म्हणून उत्तर चुकलें नाहीं. तर्क उघडपणें लिहून ठेवला, आणि मग शेवटपर्यंत त्याच्याशीं प्रामाणिक राहून जमाखर्च केला, तर चूक आपण होऊन उणें चिन्हाच्या रूपानें पुढें येते आणि स्वतःस सुधारते. चुकतो तो, जो मध्येंच दिशा बदलतो, किंवा आरंभच करीत नाहीं.

आणखी एक प्रश्न उरतो. जाळें मोठें असेल, तर फेरे पुष्कळ काढतां येतात. त्यांपैकीं किती घ्यावे? वरच्या उदाहरणांत बाहेरचा फेराही होता, पण त्यानें नवें कांहीं सांगितलें नाहीं. पहिल्या दोन फेऱ्यांचीच ती वजाबाकी होती. या प्रश्नाचा निकाल किरखोफ यांनीं १८४७ सालच्या दुसऱ्या एका निबंधांत लाविला. सांध्यांच्या संख्येपेक्षां एक कमी इतकीं सांध्यांचीं समीकरणें घ्यावीं. तारांच्या संख्येंतून ती संख्या वजा करून जी बाकी राहील, तितके एकमेकांवर अवलंबून नसलेले फेरे घ्यावे. आमच्या आकृतींत तारा तीन आणि सांधे दोन. म्हणून सांध्याचें समीकरण एक व फेऱ्यांचीं दोन. अज्ञात राशी तीन, समीकरणें तीन. आज संगणक हजारों सांध्यांच्या जाळ्यांचीं गणितें क्षणांत सोडवितात. त्यांच्या पोटींही हाच जमाखर्च असतो. प्रवाह फार वेगानें बदलत असतील तेथें हिशेबांत कांहीं पदें वाढवावीं लागतात खरीं. पण मांडणीचा पाया तोच राहतो.

१८४७ सालीं विद्यापीठाचें शिक्षण पुरें करून किरखोफ बर्लिनला गेले व तेथें कांहीं काळ त्यांनीं अध्यापन केलें. १८५० मध्यें ब्रेस्लाउ येथें त्यांची प्राध्यापकाच्या जागीं नेमणूक झाली. हें शहर आज पोलंड देशांत असून त्याचें नांव व्रोत्सवाफ असें आहे. तेथें १८५१ सालीं रॉबर्ट बुन्सेन या रसायनशास्त्रज्ञांशीं त्यांची ओळख झाली, आणि त्या ओळखीचें जन्मभराच्या स्नेहांत रूपांतर झालें. बुन्सेन लवकरच हायडेलबर्गला गेले, आणि त्यांच्याच खटपटीनें १८५४ सालीं किरखोफ हेही तेथें प्राध्यापक झाले. १८५७ मध्यें त्यांनीं क्योनिग्सबर्ग येथील आपले गणिताचे गुरु रिशेलो यांची कन्या क्लारा हिच्याशीं विवाह केला.

आमच्या प्रयोगशाळेंत ज्या दिव्यावर मुलें परीक्षानळी तापवितात, तो बुन्सेन यांच्या नांवानें ओळखला जातो. त्याची ज्योत जवळजवळ वर्णहीन असल्यामुळें, तींत टाकलेल्या पदार्थाचा रंग स्वच्छ उमटतो. ते रंग ओळखण्याच्या कामीं बुन्सेन रंगीत कांचा वापरीत असत. त्याऐवजीं तो प्रकाश लोलकांतून नेऊन त्याचा वर्णपट पाहावा, असें किरखोफ यांनीं सुचविलें. दोघांनीं मिळून वर्णपटदर्शक यंत्र तयार केलें, आणि असें आढळलें कीं, प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक रेषाच दाखवितें. हस्ताक्षरावरून माणूस ओळखावा, तसें रेषांवरून द्रव्य ओळखतां येतें. याच मार्गानें त्यांनीं १८६० मध्यें एका खनिज झऱ्याच्या पाण्यांत सीझियम आणि १८६१ मध्यें एका खनिजांत रुबिडियम, अशीं दोन नवीं मूलद्रव्यें शोधून काढलीं. पहिल्याचें नांव त्याच्या आकाशी निळ्या रेषांवरून आणि दुसऱ्याचें त्याच्या गडद तांबड्या रेषांवरून ठेविलें आहे.

परंतु याहून मोठा शोध १८५९ सालीं लागला होता, आणि तो पुन्हां एका चुकलेल्या अपेक्षेंतून लागला. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत शेंकडों काळ्या रेषा असतात, हें फ्राउनहोफर यांनीं पूर्वींच दाखविलें होतें. त्या कां असतात हें मात्र कोणास सांगतां येत नव्हतें. त्यांतील पिवळ्या भागांतील दोन रेषा बरोबर त्याच जागीं असतात, जेथें मिठाच्या ज्योतींतील सोडियमच्या तेजस्वी पिवळ्या रेषा पडतात. किरखोफ यांनीं सूर्यप्रकाश मिठाच्या ज्योतींतून नेऊन पाहिला. ज्योतीचा पिवळा प्रकाश त्या काळ्या जागा भरून काढील, हें अपेक्षित होतें. सूर्यप्रकाश मंद असतांना तसेंच झालें. पण प्रखर सूर्यप्रकाश सोडतांच काळ्या रेषा उजळण्याऐवजीं अधिकच काळ्या झाल्या. अधिकाच्या जागीं उणें आलें!

किरखोफ यांनीं पान फाडलें नाहीं. जें दिसलें तें जमेस धरून ते विचार करूं लागले. ज्या रंगाचा प्रकाश एखादी वाफ बाहेर टाकते, त्याच रंगाचा प्रकाश ती शोषूनही घेते, हा सिद्धांत त्यांतून निघाला. म्हणून सूर्याच्या तप्त अंतर्भागांतून येणारा प्रकाश त्याच्या बाहेरच्या, कमी उष्ण वाफांतून येतांना त्या वाफा आपापले रंग राखून घेतात, आणि तेथें काळ्या रेषा उरतात. अर्थात् सूर्यावर सोडियम आहे. लोखंडाच्या सुमारें ६० तेजस्वी रेषांच्या जोडीला सूर्याच्या वर्णपटांत काळ्या रेषा सांपडल्या. अर्थात् तेथें लोखंडही आहे. ज्या सूर्यापाशीं मनुष्य कधीं जाऊं शकत नाहीं, त्याच्या अंगीं कोणतीं द्रव्यें आहेत हें हायडेलबर्गच्या एका खोलींत बसून सांगतां आलें.

या विद्येचा लाभ आमच्या देशाच्या भूमीवरही घेण्यांत आला. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली. त्या वेळीं फ्रेंच ज्योतिषी यान्सेन यांनीं गुंटूर येथून आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीं पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांतून वर्णपटदर्शकानें सूर्य पाहिला. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांतून तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हें ठरलें. त्याच वर्षीं सूर्याच्या प्रकाशांत जी एक अनोळखी पिवळी रेषा आढळली, तिच्यावरून हेलियम हें नांव निघालें. पृथ्वीवर तें द्रव्य हातीं लागण्यास १८९५ साल उजाडावें लागलें.

असा मान वाढत असतांनाच किरखोफ यांच्या घरीं दुःखानें प्रवेश केला. १८६८ च्या सुमारास पायाला झालेल्या दुखापतीमुळें त्यांना पुष्कळ काळ कुबड्यांवर किंवा चाकांच्या खुर्चींत काढावा लागला. १८६९ सालीं क्लारा वारल्या, आणि लहान मुलांचा सांभाळ पित्यावर आला. तरीही त्यांनीं अध्यापन सोडलें नाहीं व संशोधनही थांबविलें नाहीं. १८७२ सालीं त्यांनीं लुइझे ब्रोमेल यांच्याशीं दुसरा विवाह केला. शरीर प्रयोगाच्या कामास साथ देईना, तेव्हां १८७५ मध्यें त्यांनीं बर्लिन विद्यापीठांतील सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचें अध्यासन स्वीकारलें. त्यांचीं व्याख्यानें शब्दन् शब्द तोलून तयार केलेलीं असत. कांहीं श्रोत्यांना तीं रुक्ष वाटत. पण त्या श्रोत्यांत माक्स प्लांक नांवाचा एक तरुण होता.

१८६० च्या सुमारासच किरखोफ यांनीं एक प्रश्न जगापुढें ठेविला होता. सर्व प्रकाश शोषून घेणारी पूर्ण काळी वस्तु तापविली, तर प्रत्येक रंगाचा किती प्रकाश ती टाकील? तें प्रमाण केवळ उष्णतामानावर आणि रंगावर अवलंबून असतें, वस्तूच्या जातीवर नव्हे, एवढें त्यांनीं सिद्ध केलें. तें नेमकें किती हें त्यांस काढतां आलें नाहीं. त्यांनीं जागा मोकळी ठेविली. १७ ऑक्टोबर १८८७ रोजीं बर्लिन येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या जागीं पुढें प्लांक आले, आणि १९०० सालीं त्यांनीं ती मोकळी जागा भरली. त्या उत्तरांतूनच विसाव्या शतकाचें नवें पदार्थविज्ञान उदयास आलें.

विद्यार्थीमित्रहो, उत्तर आधीं ठाऊक नसणें ही लाज नव्हे. जें ठाऊक नाहीं त्यास एक अक्षर द्या, दिशा धरा, ती बाणानें आकृतींत दाखवा, आणि मग सांध्यासांध्यावर व फेऱ्याफेऱ्यांत जमाखर्च चोख ठेवा. शेवटीं उणें आलें, तर तें लपवूं नका. बाण उलटा समजा आणि उत्तर लिहा. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलाच्या वहींत खाडाखोड दिसली तर रागावण्यापूर्वीं, त्यानें काय खोडलें आहे तें एकदां वाचून पाहावें. तें फाटलेलें पान आम्हीं चिकटवून जपून ठेविलें आहे. दरवर्षीं हा धडा सुरू करण्यापूर्वीं आम्ही तें वर्गाला दाखवितों.